रेघ ओढण्याआधी विचारा

डिसेंबर उजाडला की सोलापुरात एक पाहणी होते. महापालिकेचे अधिकारी, वीज खात्याची माणसं आणि नंदीध्वजांचे मानकरी मिळून सिद्धेश्वराच्या यात्रेची मिरवणूक जिथून जाते तो रस्ता फिरून बघतात. कुठं वायर लोंबतेय, कुठल्या झाडाची फांदी आडवी येईल, कुठं खडी उघडी पडलीय, हे मानकरी बोट करून दाखवतात आणि साहेब लोक लिहून घेतात. सात नंदीध्वज, एकेक काठी दुमजली घराच्या वर जाणारी. ती पेलत गर्दीतून चालणाऱ्याच्या तळपायाला रस्त्याचा चढउतार पाठ असतो. संक्रांतीच्या आत वायरी उचलल्या जातात, खड्डे बुजतात आणि शहरातल्या अडुसष्ट लिंगांना जाणारी वाट मोकळी होते.

हे मी लहानपणापासून बघत आलोय. पण अलीकडे त्यात मला यात्रेच्या तयारीपलीकडचं काही दिसायला लागलंय. जो रस्ता वापरतो त्याला कामाच्या आधी विचारलं जातं. त्यानं सांगितलेलं लिहून घेतलं जातं. आणि ते झालं की नाही हे पंधरा दिवसांत अख्ख्या गावासमोर उघडं पडतं. शहर नियोजनातला लोकसहभाग म्हणजे तरी आणखी काय? सोलापुरातल्या एका वाटेला जो मान मिळतो तो शेळगीच्या, मजरेवाडीच्या, विडी घरकुलाच्या वाटेला का मिळू नये, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि माझं उत्तरही सरळ आहे. आपल्याकडे शहर आधी ठरतं, मग लोकांना दाखवलं जातं. हा क्रम बदलला नाही तर बाकी कितीही सुधारणा करा, लोकांच्या हातात हरकतीचा अर्ज सोडून काही येणार नाही.

विकास आराखडा, म्हणजे आपण बोलताना ज्याला डीपी म्हणतो तो, येत्या वीस वर्षांत शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा कायदेशीर नकाशा असतो. महाराष्ट्रात तो १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली तयार होतो. पिवळा रंग राहण्याचा, निळा व्यापाराचा, जांभळा उद्योगाचा, हिरवा शेतीचा किंवा बागेचा. त्यावर रस्त्यांच्या रेघा आणि आरक्षणांचे, म्हणजे शाळा, बाग, दवाखान्यासाठी राखून ठेवलेल्या जागांचे, नंबर. या कागदावर रेघ एक मिलिमीटर इकडे सरकली की एखाद्याचं घर रस्त्यात जातं, आणि तीच तिकडे सरकली की एखाद्याच्या माळरानाला सोन्याचा भाव येतो. त्यामुळे ‘हा तांत्रिक विषय आहे, तज्ज्ञांवर सोडा’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. गटार तुंबलं तर कुणाला फोन लावायचा हे सोलापुरात पोराटोरांना ठाऊक आहे. पण आपल्या गल्लीवरून रेघ कुणी ओढली हे विचारा, जाणत्या माणसांनाही सांगता येणार नाही. शहरातली खरी सत्ता त्या रेघेत असते.

मी हद्दवाढ भागात राहतो. १९९२ मध्ये बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव, देगाव अशी आजूबाजूची गावं शहरात आली आणि जेमतेम ३३ चौरस किलोमीटरचं सोलापूर १७८ चौरस किलोमीटरचं झालं. एका आदेशानं शहर पाचपटीहून मोठं झालं. रस्ते, ड्रेनेज, पाण्याच्या लाइनी मात्र आदेशानं मोठ्या होत नाहीत. शेतकऱ्यांनी एकरानं विकलेली जमीन गुंठ्यांत कापली गेली. गिरणी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांतून, विडीच्या मजुरीतून, भिशीच्या पैशांतून लोकांनी दोन-दोन गुंठे घेतले आणि नोटरीच्या कागदावर घरं उठवली. २००१ मध्ये राज्यानं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला तो अशाच वस्त्यांसाठी. या वस्त्या बेकायदा म्हणून हिणवल्या जातात. पण ज्या वर्षांत त्या उभ्या राहिल्या, त्या वर्षांत कायदेशीर आणि परवडणारी जागा शहरात कुठं होती, हे आराखडा करणाऱ्यांनी सांगायला हवं होतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका रस्त्याच्या फेरबदलावर हरकती मागवल्या होत्या. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, बारीक टायपात जाहिरात. मला ती एका ओळखीच्या इंजिनिअरमुळे कळली. शेजारच्या अक्कांना घेऊन मी नकाशा बघायला गेलो. अक्का पद्मशाली, घरात तेलुगू, बाजारात मराठी. आयुष्यभर विड्या वळून त्यांनी ते घर बांधलेलं. नकाशा एका भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये लावलेला, ट्यूबलाइटचा उजेड काचेवर पडून निम्मा भाग दिसेनासा झालेला. अक्कांनी काचेवर बोट टेकवलं आणि खालून वर, वरून खाली फिरवत राहिल्या.

“काका, आमचं घर कुठाय ओ ह्यात?”

तिथल्या कारकुनानं विचारलं, “सर्व्हे नंबर सांगा मावशी.”

“नंबर काय ठाव नाही. मारुतीच्या देवळामागं, पिंपळाच्या अलीकडं.”

“नकाशात देऊळ, पिंपळ नसतंय मावशी. नंबर लागतोय.”

माणूस उर्मट नव्हता. उलट खुर्ची सोडून उठला, झोन दाखला आणि भाग नकाशा कसा काढायचा, कुठं पैसे भरायचे, सगळं नीट सांगितलं. त्याच्या हातात तेवढंच होतं. पण मला ते बोट अजून दिसतं. ज्या बाईनं ती गल्ली वसवली, तिला त्या गल्लीच्या नकाशात शिरायला दारच नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी अक्कांचं म्हणणं मी मराठीत सांगितलं. रस्त्याची रेघ जिथून जाते तिथून पावसाळ्यात पाणी वाहतं, रस्ता तिथं भर टाकून उंच केला तर मागची चाळीसेक घरं बुडतील, एवढंच म्हणणं होतं. पाच मिनिटं लागली. “ठीक आहे, नोंद घेतली,” असं उत्तर मिळालं. त्यानंतर त्या हरकतीचं काय झालं हे आम्हाला कुणी कळवलं नाही. रेघ होती तिथंच राहिली.

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण दोष एखाद्या कार्यालयापुरता नाही. आधी जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा होतो. मग प्रारूप आराखडा होतो. आणि तो छापून झाल्यावर कलम २६ खाली लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. आपल्याएवढ्या शहराला मुदत तीस दिवस. वीस वर्षांचं शहर समजून घ्यायला एक महिना! त्या हरकती ऐकायला नियोजन समिती असते. तिच्यात महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या बाजूनं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. त्यांनी अहवाल द्यायचा, महापालिकेनं बदल करून आराखडा राज्य सरकारकडे पाठवायचा, आणि अंतिम मंजुरी नगरविकास खात्यानं द्यायची. हे खातं आजवरच्या बहुतेक मुख्यमंत्र्यांनी स्वतःजवळ ठेवलं, ते उगाच नाही.

या सगळ्या साखळीत नागरिकाची कडी एकच, तीही रेघा ओढून झाल्यानंतरची. तेव्हा बोलायचं म्हणजे विरोधातच बोलावं लागतं. ‘इथं शाळा हवी’ असं सांगायची वेळ निघून गेलेली असते. ‘माझ्या प्लॉटवरचं आरक्षण काढा’ एवढंच उरतं. मग अधिकारी म्हणतात, लोक फक्त स्वतःच्या जागेचं बघतात. खरं आहे, हरकतींचे गठ्ठे चाळले तर बहुतेक अर्ज स्वतःच्या जागेचेच असतात. पण ज्याला जेवण झाल्यावर बोलावलं, तो भाजीत मीठ किती हवं होतं हे कसं सांगणार? तो पानात काय उरलंय तेच बघणार.

साखळीच्या वरच्या टोकाला काय होतं याची दोन उदाहरणं आपल्याच राज्यातली आहेत. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यात इतक्या चुका निघाल्या आणि लोकांनी इतकं रान उठवलं की दोन महिन्यांच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्यानं करायला सांगितलं. त्याच सुमाराला पुण्याचा आराखडा महापालिकेकडून मुदतीत झाला नाही म्हणून राज्य सरकारनं काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे सोपवला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. मुंबईत लोकांचा आवाज वरपर्यंत पोचला, हे चांगलंच झालं. पण दोन्हीकडे शेवटचा शब्द मंत्रालयातून आला, हेही खरं. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं बारावी अनुसूची जोडली, तिच्यातला पहिलाच विषय नगर नियोजनाचा आहे. १९९३ पासून ती लागू आहे. तरी शहरांना स्वतःचा नकाशा स्वतः मंजूर करता येत नाही.

आराखडा मंजूर झाला म्हणजे तरी संपलं का? तर नाही. कलम ३७ खाली त्यात फेरबदल करता येतात. हिरवा पट्टा पिवळा करायचा, शाळेचं आरक्षण दुसऱ्या गटावर सरकवायचं, रस्त्याची रुंदी कमी करायची, हे सगळं या वाटेनं होतं. महापालिकेच्या सभागृहाचं कामकाज ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणजे काय ते सांगायला नको. विषयपत्रिकेवर नसलेला प्रस्ताव सभा संपता संपता येतो, उपसूचनेसह वाचल्यासारखं केलं जातं, आणि एकमतानं मंजूर. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष तिथं एकमतात असतात. मी हे एका पक्षावर ढकलत नाही. काँग्रेसच्या काळात हे होतं, नंतरही राहिलं. जमिनीच्या विषयात पक्ष बदलले तरी रीत बदलत नाही.

आणि याहून मोठी सत्ता असते ती काहीच न करण्याची. आरक्षण टाकलं, पण जमीन ताब्यात घेतली नाही, असं दहा वर्षं गेलं की मालक कलम १२७ ची नोटीस देतो. चोवीस महिन्यांत महापालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. बाग, दवाखाना, खेळाचं मैदान, कागदावरून पुसलं जातं. मालकावर अन्याय नको म्हणून ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. कुणाची जमीन तीस-तीस वर्षं अडकवून ठेवायची नसते. पण कुठलं आरक्षण घ्यायचं, कुठलं सुटू द्यायचं, पैसे नाहीत म्हणून कुठल्या वस्तीचं मैदान जाऊ द्यायचं, हे ठरतं कुठं? अशा नोटिसा आल्या की त्या भागातल्या लोकांना कळवणं बंधनकारक असायला हवं. आज आपल्या वाट्याचं मैदान गेलं हे तिथं पाया खोदला जातो तेव्हा कळतं.

स्मार्ट सिटीचा अनुभव तर ताजा आहे. जानेवारी २०१६ मध्ये देशातली पहिली वीस शहरं जाहीर झाली आणि सोलापूर त्यात नववं आलं, तेव्हा आम्ही पेढे वाटलेत. प्रस्ताव तयार होत असताना लोकांकडून फॉर्म भरून घेतले होते, ऑनलाइन मतं मागवली होती. नंतर योजना राबवायला कंपनी आली. शहराच्या कामांचे निर्णय संचालक मंडळाकडे गेले, आणि कुठली कामं का निवडली, कुठली का सोडली, यावर नागरिकाला प्रश्न विचारायला ना प्रभागाची सभा उरली ना सभागृहाची गॅलरी. रस्ते झाले, दिवे लागले, काही जागा देखण्या झाल्या. ते मी नाकारत नाही. पण उजनी धरण शंभरावर किलोमीटरवर, तिथून पाइपानं पाणी येतं, आणि ते नळाला चार-पाच दिवसांआड. या शहराला आधी काय हवंय असं मोकळ्या सभेत विचारलं असतं, तर कुठलीही बाई हंडा दाखवून उत्तर देऊन मोकळी झाली असती.

त्यातच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता. ज्या गावात १८५२ पासून नगरपालिका आहे, ज्या गावानं १९३० मध्ये नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकवला, मार्शल लॉ सोसला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फासावर जाताना पाहिलं, ते गाव चार वर्षं लोकप्रतिनिधींशिवाय राहिलं आणि फारशी ओरड झाली नाही. मला त्याचं दुःख होतं. प्रशासकाच्या काळात कामं झटपट होतात, असं माझे अनेक मित्र म्हणतात. होत असतील. पण हरकती ऐकणाऱ्या समितीत लोकांनी निवडलेली तीन माणसं बसावीत असं कायदा म्हणतो. सभागृहच नसेल, तर ती तीन माणसं कुणाची?

नगरसेवक आले म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. १०२ जागा, बहुतेक प्रभाग चार-चार सदस्यांचे. चौघांपैकी नेमकं कोण उत्तर देणार, हे मतदाराला कळत नाही आणि चौघांनाही ते सोयीचं असतं. शिवाय आपणही त्यांच्याकडे काय मागतो? दिवा, टँकर, ड्रेनेजचं झाकण, वर्गणी. आपल्या प्रभागाचा भाग नकाशा घेऊन या आणि समजावून सांगा, असं आपण कधी म्हटलंय? मीही म्हटलं नव्हतं.

लोकांना वेळेवर विचारलं नाही की काय होतं, हे सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीनं दाखवलं. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला ती चिमणी अडथळा ठरत होती. विमानसेवा हवी म्हणणारे आणि ऊसउत्पादक, दोघंही याच मातीतले. होटगी रस्त्यावरचं विमानतळ वापरायचं की बोरामणीला नवं करायचं, हा वाद वर्षानुवर्षं चालला. बोरामणीसाठी जमीनही घेतली गेली. शेवटी १५ जून २०२३ ला कडक पोलीस बंदोबस्तात ती चिमणी पाडली गेली. २०२५ मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली. मला विमान नको असं मी म्हणत नाही. चिमणी राहायलाच हवी होती असंही म्हणत नाही. पण ज्या प्रश्नात शेतकऱ्याचं पोट आणि व्यापाऱ्याचं भवितव्य दोन्ही अडकलंय, तो कोर्टात, मंत्रालयात, उपोषणाच्या मंडपात, सगळीकडे गेला. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून, नकाशा टेबलावर ठेवून, खर्च आणि तोटा मांडून विचारणारी जागा मात्र शहरात नव्हती. तशी जागा नसली की जो जिंकतो त्यालाही शहर आपलं वाटत नाही, आणि जो हरतो तो पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतो.

याच शहरात उलटा अनुभवही आहे, आणि तो जगानं बघण्यासारखा आहे. विडी कामगार बायकांनी, माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली मोर्चे काढून, वर्षानुवर्षं दिल्ली-मुंबईला खेटे घालून घरं मिळवली. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या हातांनी एक छोटं शहर वसवलं. गरिबांना नियोजनातलं काय कळतं, असं विचारणाऱ्यानं एकदा तिथं जाऊन यावं.

पण तिथंच थांबून आणखी एक गोष्ट बघायला हवी. ही घरं महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. कारखाने, यंत्रमाग, दवाखाने, मोठी बाजारपेठ, सगळं शहरात. रोज सकाळी रिक्षाचं भाडं मोजून यावं लागतं. शहराच्या पोटात मात्र १८७७ च्या जुन्या मिलपासून कितीतरी गिरण्यांच्या जमिनी एकेक करून मोकळ्या झाल्या. त्या जमिनींवर गिरणी कामगारांच्या आणि विडी कामगारांच्या मुलांना किती जागा मिळाली, हे प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी जाऊन बघावं. संघटनेच्या जोरावर बायकांना घर मागता आलं. शहराच्या मध्यावर जागा मागायची तर आराखड्याच्या टेबलाशी खुर्ची लागते, ती त्यांना मिळाली नाही. माझ्या दृष्टीनं लोकसहभागाची खरी कसोटी ही आहे. घर देताना नाव यादीत आहे का, हे विचारणं पुरेसं नाही. जागा निवडताना ती बाई खोलीत होती का?

लोकांना विचारत बसलं तर काही होणारच नाही, हा आक्षेप मी शंभर वेळा ऐकलाय आणि तो मी हलका मानत नाही. शहर वाढतंय, वेळ नाही, वाद वाढतात, दलाल लोकांच्या नावानं बोलतात, हे सगळं घडतं. तरीही केरळनं १९९६ पासून योजनेच्या पैशाचा मोठा वाटा पंचायती आणि नगरपालिकांच्या हाती दिला, कामं गावसभांत आणि वॉर्डसभांत सुचवू दिली आणि तिथली कामं अडली नाहीत. पुणे महापालिकेनं २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेल्या कामांना जागा दिली. रक्कम लहान असेल, पण अर्ज कुठं करायचा हे तरी लोकांना कळलं. वेळ जातो तो विचारण्यात कमी आणि न विचारल्यामुळे झालेल्या कोर्टकचेऱ्यांत जास्त. सोलापुरातल्या दोन उड्डाणपुलांच्या भूसंपादनाची वाट ज्यांनी बघितली त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

आणि कायद्यात दार नाही असंही नाही. महाराष्ट्रानं २००९ मध्येच महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. खेड्यात जशी ग्रामसभा तशी शहरात मतदान केंद्रांच्या हद्दीतल्या मतदारांची सभा. ती कागदावरच राहिली. नव्या सभागृहानं पहिल्या वर्षात काय करावं असं मला विचाराल तर मी रस्ते, पूल काहीच मागणार नाही, क्षेत्रसभा मागेन. आराखड्याचं काम सुरू करताना, प्रारूप होण्याआधी, प्रत्येक क्षेत्रसभेत जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा पसरा आणि लोकांना तो दुरुस्त करू द्या. त्यावर देऊळ, मशीद, पिंपळ, शाळा, रेशन दुकान लिहा, म्हणजे अक्कांना घर सापडेल. सूचना मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूत काढा. या गावाच्या चार भाषा आहेत आणि कर चारही भाषांतले लोक भरतात. सुनावणी झोन कार्यालयात, संध्याकाळी घ्या, म्हणजे मजुरी बुडणार नाही. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या, नाकारली असेल तर कारणासकट. आणि जमिनीच्या फेरबदलाचा विषय आयत्या वेळी घ्यायचा नाही, असा ठराव एकदा तरी एकमतानं करा.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदाही लागत नाही. लागतो तो हात थोडा सैल करायची तयारी. नियोजन बंद खोलीत राहण्यात ज्यांचा फायदा आहे ते सहजासहजी दार उघडणार नाहीत, हे मला कळतं. म्हणून ते आपणच ठोठावायला हवं.

आमच्या सुनावणीनंतर आम्ही कॉलनीतले काहीजण मारुतीच्या देवळात जमलो. कुठल्यातरी वाढदिवसाचा एक जुना फ्लेक्स होता, तो उलटा करून जमिनीवर अंथरला आणि त्यावर आमचा भाग काढला. तीन संध्याकाळी लागल्या. पुरुष मंडळी आधी रस्ते आणि प्लॉटच्या हद्दी काढून मोकळी झाली. बायका आल्यावर नकाशा भरायला लागला. कुठल्या बोअरला उन्हाळ्यातही पाणी असतं, कुठल्या वळणावर रात्री दिवा नसल्यानं पोरी जात नाहीत, शाळेची रिक्षा कुठं थांबते, हिप्परग्याचा तलाव सांडला आणि आदिला नाला फुगला की बहिणीच्या घरी जायची वाट कुठं बंद होते. अक्कांनी निळा खडू घेतला आणि पाणी साचणाऱ्या जागा रंगवत गेल्या. सरकारी नकाशात जिथं बाग दाखवली होती ती जागा पूर्ण निळी झाली. जिथून रस्त्याची रेघ जात होती तिथं त्यांनी खडू आडवा धरून दोनदा घासला.

त्या फ्लेक्सचा फोटो काढून, खाली सह्या आणि अंगठे घेऊन आम्ही तो अर्जासोबत दिला. आवक क्रमांकाची पोच माझ्याकडे आहे. फ्लेक्स गुंडाळून देवळातल्या कपाटावर ठेवलाय. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी अक्का दारात आल्या, पदर भिजलेला, म्हणाल्या, “काका, ते पोस्टर काढा की जरा. पाणी ह्या टायमाला अजून दोन घरं पुढं आलंय.”